रोमन सम्राटांची पेटी: नाणी उत्तम, कार्डं तपासून घ्या

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठीत तयार केलेली ही पेटी सध्या मुंबईतल्या बऱ्याच शाळांच्या इतिहासाच्या कपाटात दिसते. आत नाण्यांच्या १६ प्रतिकृती, २४ माहितीकार्डं, दोन मीटरची कालपट्टी, एक नकाशा, टोग्याचं (रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत त्या वस्त्राचं) कापड, प्लास्टरचे दोन अर्धपुतळे आणि ‘माझी प्रतिक्रिया’ नावाची वही. किंमत २,४०० रुपये. नाण्यांसाठी हे पैसे वसूल आहेत. कार्डांवर मात्र लाल पेन घेऊन बसावं लागतं, आणि ते काम पेटी वर्गात नेण्याआधीच उरकलेलं बरं.

नाण्यांची निवड कोणीतरी जाणकाराने केली आहे. पहिलं नाणं ज्युलियस सीझरचं, इ.स.पू. ४४ मधलं. रोमच्या टाकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर येण्याची ही सुरुवात. दुसरं सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचं: दोन खंजीर, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला मिळणारी टोपी आणि खाली १५ मार्चचा, म्हणजे सीझरच्या खुनाचा उल्लेख. ही दोन नाणी कार्ड न दाखवता मुलांच्या हातात द्यावीत. आधी सगळे खंजिरांवर तुटून पडतात. मग कोणीतरी नाणं उलटतं आणि मागे ब्रूटसचाच चेहरा दिसतो. ‘राजा नको म्हणून मारलं ना याने? मग स्वतःचं तोंड कशाला छापलं?’ हा प्रश्न वर्गागणिक येतोच, आणि कार्डावर त्याचं उत्तर नाही हे एका परीने चांगलंच आहे.

तशीच जोडी सम्राट नीरो आणि त्याची आई अग्रिपिना यांची. इ.स. ५४ च्या नाण्यावर मायलेक समोरासमोर आहेत आणि चेहऱ्यांभोवतीचा मजकूर आईच्या नावाचा आहे. मुलाचं नाव मागच्या बाजूला. इ.स. ५५ च्या नाण्यावर दोघांची तोंडं एकाच दिशेला, नीरो पुढे आणि आई त्याच्या आड. नावांचीही अदलाबदल झालेली. साल न सांगता विचारावं: आधीचं कोणतं? मुलं जवळजवळ नेहमी बरोबर लावतात, ‘आई मागे गेली’ एवढ्याच कारणावरून. त्यानंतरच सांगावं की इ.स. ५९ मध्ये नीरोने तिला ठार करवलं. आधी सांगितलंत तर नाण्याकडे कोणी बघत नाही, सगळ्यांना फक्त ‘कसं मारलं’ ते ऐकायचं असतं.

नाण्यांवरचा मजकूर वाचायला पेटीत एक घडीचा तक्ता दिला आहे. तो बरा आहे, पण दोन गोष्टी त्यात नाहीत. एक, रोमन लिपीतलं व्ही हेच अक्षर यू म्हणूनही वापरलं जायचं, त्यामुळे ‘ऑगस्टस’ या सम्राटांच्या पदवीचं संक्षिप्त रूप ए-व्ही-जी असं दिसतं. दुसरी जास्त कामाची: टी-आर-पी ही अक्षरं. मुंबईच्या मुलांना टीआरपी म्हटलं की मालिका आठवतात आणि वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा, अक्षरं कायमची लक्षात राहतात. हा ‘ट्रिब्यूनचा अधिकार’ (ट्रिब्यून म्हणजे सामान्य रोमन लोकांचा प्रतिनिधी; त्याचा अधिकार सम्राटाकडे असे), तो दरवर्षी नव्याने मोजला जायचा. त्यामुळे या अक्षरांपुढे आकडा असेल तर नाणं कारकिर्दीच्या कितव्या वर्षातलं ते काढता येतं. मोजणी सत्तेवर आल्याच्या वर्षाला एक धरून सुरू करायची, शून्य धरून नव्हे. चार हा आकडा बऱ्याचदा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो, घड्याळातल्या रोमन चारसारखाच. ती छपाईची चूक नाही.

आता वजनं. इथेच या पेटीची सगळ्यात मोठी चूक आहे आणि सगळ्यात चांगला तासही. पुस्तिकेत लिहिलंय की पहिला सम्राट ऑगस्टस याचा डेनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, साधारण ३.९ ग्रॅमचा. पेटीतला तराजूवर टाकला तर २.५ ग्रॅमच्या आसपास भरतो. कारण सरळ आहे: प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूची. त्याची घनता ६.७ च्या घरात, चांदीची १०.५. आकार हुबेहूब ठेवला की वजन दोन-तृतीयांशाच्या खाली येतंच. नाणं थोडं जाड केलं असतं तर भागलं असतं, पण मग दिसायला भोपळा झाला असता. उपाय असा की तराजूवर आलेल्या आकड्याला १.५७ ने गुणावं. तराजू सोनार वापरतात तसला खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्यावा. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. वर्गातला पंखा बंद करायचा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो आणि पोरं त्यावरच भांडत बसतात.

गुणाकार करून झाला की चार नाणी ओळीने मांडायची. ऑगस्टस: सुमारे ३.९ ग्रॅम. इ.स. ६४ नंतरचा नीरो: सुमारे ३.४, कारण त्याने एका रोमन पौंड चांदीतून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला लावली आणि चांदीचा कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हेरस: वजन जवळपास तेवढंच, पण चांदी अर्ध्यावर. हे तराजूला कळत नाही, मुलांना सांगावं लागतं, आणि ‘मग लोकांना कसं कळलं?’ हा प्रश्न हमखास येतो. शेवटी कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये काढलेलं नाणं. डोक्यावर काटेरी किरणांचा मुकुट, किंमत दोन डेनारियसची असं बहुतेक अभ्यासक मानतात, वजन मात्र दीड डेनारियसचं, ५ ग्रॅमच्या आसपास. दोनच्या भावात दीड! वाण्याच्या काट्याची सवय असलेल्या घरातली मुलं हे पटकन पकडतात. खर्च कुठे जात होता तेही इथेच सांगावं: सैन्याचे पगार.

घरोघरी असलेली एक वस्तू या तासाला फार उपयोगी पडते, ती म्हणजे आजीच्या डब्यातला जुना चांदीचा रुपया. ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये, युद्धाच्या काळात, चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि वजन तेच ठेवलं. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. सेव्हेरसने काय केलं ते यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. फक्त एक पथ्य: घरून आणलेलं नाणं घासूनपुसून चकचकीत करू देऊ नये. आणि १८७७ नंतरचा रुपया असेल तर त्यावर व्हिक्टोरियाचा उल्लेख सम्राज्ञी असा आहे. त्या पदवीचं इथलं रूप ‘कैसर-ए-हिंद’. सीझर या नावाचा मूळ लॅटिन उच्चार ‘कैसर’च्या जवळचा होता हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघतात.

कार्डं मात्र मार खातात. सीझरला ‘पहिला रोमन सम्राट’ म्हटलंय. तो सम्राट नव्हता, तहहयात हुकूमशहा होता. ऑगस्टस ही पदवी त्याच्या वारसाला इ.स.पू. २७ मध्ये मिळाली. आणि त्या वारसाला, ऑक्टेव्हियनला, कार्ड ‘पुतण्या’ म्हणतं. इंग्रजीतून उतरवताना घात झालेला दिसतो. तो सीझरच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. म्हणजे पुतण्या नाहीच, भाचाही नाही, भाचीचा मुलगा. इंग्रजीत एका शब्दात ढकललेली नाती मराठीत अशी उघडी पडतात. सीझरने मृत्युपत्रातून त्याला दत्तक घेतलं, त्याने नाव बदललं आणि त्या नावावर सैन्य गोळा केलं. दत्तक म्हटल्यावर आपल्या मुलांना झाशी आणि सातारा आठवतात, समजावून सांगायची गरजच पडत नाही. पुढे नर्व्हा ते मार्कस ऑरेलियस ही दत्तकांची रांग आणि मार्कसनंतर त्याचा सख्खा मुलगा कोमोडस: इथे वर्गात वाद होतो आणि तो होऊ द्यावा.

नीरोच्या कार्डावर तो जळत्या रोमसमोर व्हायोलिन वाजवतोय. व्हायोलिन यायला अजून जवळपास दीड हजार वर्षं होती. इ.स. ६४ च्या जुलैमध्ये आग लागली तेव्हा तो शहराबाहेर अँटियमला होता, आणि परतल्यावर त्याने बेघरांसाठी बागा उघडल्या असं त्याच्यावर टीका करणारा रोमन इतिहासकार टॅसिटसच लिहितो. शहराच्या १४ भागांपैकी ३ जमीनदोस्त झाले, ७ होरपळले, ४ वाचले. सम्राट कॅलिग्युलाने घोड्याला कॉन्सल (रोमचा सर्वोच्च पदाधिकारी) केलं हेही तसंच; जुन्या लेखकांनी त्याचा तसा इरादा होता एवढंच म्हटलंय. मुलांना घोडाच हवा असतो, पण ‘केलं’ आणि ‘करणार होता म्हणे’ यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. कॅलिग्युला हे टोपणनाव, अर्थ ‘छोटा बूट’. खरं नाव गायस. प्रत्येक वर्गात एक छोटू किंवा पिंट्या असतोच, त्याला भयंकर आनंद होतो.

व्हेस्पेशियनचं कार्ड त्यातल्या त्यात बरं. मुतारीवरचा कर वाचून वर्ग पाच मिनिटं हातात राहत नाही. कार्डात कारण दिलेलं नाही, ते जोडावं: शिळ्या मूत्रातल्या अमोनियाने लोकरीचे कपडे धुतले जायचे, म्हणजे रोमच्या धोब्यांसाठी तो कच्चा माल होता. मुलगा टायटसने नाक मुरडलं तर बापाने त्या करातलं नाणं त्याच्याच नाकाला लावून विचारलं, वास येतो का?

महिन्यांच्या कार्डावर ‘ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस चोरला’ असं लिहिलंय. ते खोडा. ही मध्ययुगातली कल्पना आहे, इ.स.पू. ४६ च्या सुधारणेनंतर ऑगस्ट महिन्याला ३१ दिवस होतेच, नाव तेवढं इ.स.पू. ८ मध्ये बदललं. त्याऐवजी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे फळ्यावर लिहून शेजारी सप्त, अष्ट, नव, दश लिहावं आणि गप्प बसावं. नववा महिना ‘सातवा’ का, हे मुलं स्वतः विचारतात. जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.

कालपट्टीवर इ.स.पू. १ आणि इ.स. १ यांच्यामध्ये ठळक शून्य छापलंय. असं वर्षच नाही. ऑगस्टसची इ.स.पू. २७ ते इ.स. १४ ही कारकीर्द त्या पट्टीवर मोजली तर ४१ वर्षं भरतात, खरी ४०. शून्याचा चौकोन कात्रीने कापून दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली की झालं.

नकाशा अरबस्तानाच्या किनाऱ्यावर संपतो. मुंबईत विकायच्या पेटीत हे खटकतं. शेजारी कागद चिकटवून किनारा पुढे ओढावा आणि पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात आलेली नावं भरावीत: सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल, बारिगाझा म्हणजे भडोच. ‘लोकलवालं कल्याण?’ हा ओरडा येणारच. त्याच टिपणात कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात अशी तक्रार आहे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती याच व्यापाराची खूण. रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा हिशेबवहीतला आकडा नव्हे, पण गणिताला चांगला आहे: ४ सेस्टर्सचा एक डेनारियस, म्हणजे सव्वा कोटी डेनारियस, ३.४ ग्रॅमने साडेबेचाळीस टन चांदी. भारतात सापडलेले रोमन डेनारियस मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसचे, नीरोच्या कपातीनंतरचे फार थोडे. मघाशी तराजू हाताळलेली मुलं याचं कारण चटकन सुचवतात. अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही हेही सांगून टाकावं. संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द याच डेनारियसचा.

टोग्याचं कापड दोन मीटर, आयताकृती. खरा टोगा अर्धवर्तुळाकार, पाच-साडेपाच मीटरचा, लोकरीचा. नऊवारी लांबीला पुरून उरते, पण काठ सरळ असल्याने खांद्यावरची चूण बसत नाही. अर्धपुतळ्यांची नाकं प्रवासातच जातात.

‘माझी प्रतिक्रिया’ वहीत एकच प्रश्न आहे: तुला कोणता सम्राट आवडला? उत्तरं येतात ‘ऑगस्टस, कारण तो महान होता.’ तो प्रश्न झाकून त्यावर दुसरा चिकटवावा: हे नाणं कोणी पाडलं, कोणाच्या हातात जावं म्हणून, आणि त्याला काय पटवायचं होतं? मग वही भरते.

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास धरला तर सहा-सहांचे दहा गट, प्रत्येकी एक नाणं, अडीच मिनिटांनी अदलाबदल. दहा फेऱ्यांत तास जवळपास संपतो, म्हणून वजनं दुसऱ्या दिवशी. नाणी साच्यात ओतलेली आहेत, कडेला बारीक शिवण दिसते. खरी हातोड्याने ठोकून पाडलेली, म्हणून छाप एका बाजूला सरकलेला असायचा, हे दाखवताना मुलांनी खिशातलं नाणंही काढावं: वर्षाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर ते फोर्टातल्या टाकसाळीतलं. पावसाळ्यात मुलामा काळवंडतो आणि सोलतो, तेव्हा खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि हाताळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावावेत. सुटी नाणी मागवता येतात. ब्रूटस आणि कॅराकॅला दोन-दोन घ्या.