गच्चीवरून वर्षाला किती युनिट? पीव्हीजीआयएस कॅल्क्युलेटर, पुण्याच्या हिशोबाने

गच्चीवरच्या सौर पॅनेलमधून किती वीज मिळेल याचा अंदाज देणारं पीव्हीजीआयएस हे युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं फुकट कॅल्क्युलेटर आहे. उपग्रहाच्या नोंदी भारतापर्यंत असल्याने कोथरूडची गच्चीही नकाशावर टिचकी मारून निवडता येते. फोन नंबर मागत नाही, त्यामुळे संध्याकाळी सेल्सवाल्यांचे फोनही येत नाहीत. वर्षाच्या अंदाजासाठी हे साधन उत्तम. मात्र उघडल्या उघडल्या आहे तसंच बटण दाबलं, तर पुण्यासाठी आकडा चुकतो.

पहिली चूक पॅनेलच्या उताराची. तिथे आधीच ३५ अंश भरलेले असतात, ते युरोपला ठीक. पुणे १८.५ अक्षांशावर, म्हणून इथे १८-२० अंश पुरतात. तुमचं स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलखालचा सांगाडा, १० अंशांचं असेल तर १०च घाला. मोबाईलमधलं लेव्हल ॲप पॅनेलवर ठेवलं की कळतं.

दुसरी चूक दिशेची, आणि ही जास्त फसवी. इथे दक्षिण म्हणजे ०, पूर्व उणे ९०, पश्चिम ९०. अमेरिकेच्या पीव्हीवॉट्स या अशाच कॅल्क्युलेटरमध्ये दक्षिण म्हणजे १८०. ती सवय असलेला माणूस इथेही १८० टाकतो आणि कागदावर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतात. पुण्यात सूर्य बराच वरून जातो, उतारही कमी, त्यामुळे आकडा घसरतो पण शंका यावी इतका नाही.

क्षमता कोटेशनवरची घालू नका, पॅनेल मोजा. ५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॉट, बोलताना ‘तीन’ म्हणत असले तरी.

सिस्टिम लॉस, म्हणजे तारांत, यंत्रात आणि धुळीपायी वाया जाणारी वीज, १४ टक्के दिलेला असतो. त्यात उष्णतेची घट मिळवू नका, ती कॅल्क्युलेटर वेगळी धरतो. आणि ती किरकोळ नसते. पॅनेलचा वॉटचा आकडा २५ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेलं आणि डेटाशीटवर अंशामागे ०.३५ टक्के घट लिहिलेली असली, तर ४० अंशांची १४ टक्के. ५४० वॉटचं पॅनेल ४६४ वर येतं. खराब झालेलं नसतं. शेजारी बांधकाम चालू असेल तर मात्र धुळीपोटी लॉस १६-१८ धरणं शहाणपणाचं.

उणीव एकच, पण मोठी: सावली. टेकडीची सावली हा हिशोबात घेतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा टॉवर त्याला दिसत नाहीत. डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली पावणेतीन फूट आत येते. सकाळी नऊला त्याहून लांब. म्हणून डिसेंबरात नऊ, बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन खडूने सावलीच्या रेघा मारा. त्या रेघांच्या आत पॅनेल येत असेल तर कॅल्क्युलेटरचा आकडा तुमचा नाही.

‘किलोवॉटमागे रोज चार युनिट’ हा विक्रेत्यांचा ठोकताळा वर्षाच्या सरासरीला चालतो: ३ किलोवॉटला ४,३८० युनिट. महिन्यावर लावला की भांडणं होतात. मार्च-एप्रिलात त्याहून जास्त येतात, जुलै-ऑगस्टच्या ढगांत बरेच कमी. पीव्हीजीआयएस महिन्यांचे स्तंभ वेगळे दाखवतो आणि एका वर्षात दुसऱ्यापेक्षा किती फरक पडतो तेही सांगतो. बाकी काही नाही तरी एवढ्यासाठी वापरावा.

ताळा करताना महावितरणच्या बिलावरचे एक्स्पोर्ट युनिट, म्हणजे घरातून परत ग्रिडला गेलेले, घेऊ नका. दिवसा फ्रिज, पंप, गीझरने खाल्लेली वीज त्यात येत नाही. पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या ॲपमधला महिन्याचा आकडा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हातही तो अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याने कमी असेल, तर आधी सकाळी गार असताना पॅनेल साध्या पाण्याने धुवा. तरी फरक पडला नाही, तर सावली बघा, मग इन्स्टॉलरला बोलावून स्ट्रिंगचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या ओळीचं, व्होल्टेज आणि कनेक्टर तपासून घ्या.