कापसाच्या घरातला एसी : दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं लागतं तिथे. एप्रिल २०२४ मध्ये सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्या खोलीत दीड टनाचा तीन स्टार इन्व्हर्टर एसी बसवला. स्लॅबची खोली, बारा बाय बारा. मे महिन्यात त्यांना रात्र-रात्र झोप लागत नव्हती, आता लागते. २६ वर ठेवून सोबत पंखा लावला की बिलही झेपतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं म्हणून स्टॅबिलायझर मात्र घ्यावाच लागला. मला खरं सांगायचंय ते सफाईबद्दल, कारण तिथे माझे पैसे गेले.

सोबतच्या पुस्तकात लिहिलंय, फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. पण आमच्याकडे धूळ पिकाच्या हिशेबानं येते. दसरा-दिवाळीपासून वेचणी, मग भाव मिळेपर्यंत ओसरीत आणि मधल्या खोलीत कापसाची गंजी. जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा. घरामागच्या खळ्यात मळणीयंत्र लागलं की कुटार, म्हणजे पिकाचा बारीक भुसा, उडून भांड्यांवरसुद्धा बसतं. या सगळ्या काळात एसी बंद असतो, म्हणून मी निश्चिंत होते. पण आतल्या युनिटची वरची जाळी उघडीच असते, हे लक्षातच आलं नाही.

मार्च २०२५ मध्ये सुरू केला तर हवा कमी, कुबट वास, आणि तासाभरानं आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, चक्क बर्फ. मेकॅनिक आला, पाच मिनिटांत म्हणाला, "वयनी, गॅस संपला." अडीच हजार घेऊन गॅस भरून गेला. चार दिवसांत पुन्हा तेच.

मग दर्यापूरहून दुसरा मुलगा बोलावला. त्यानं गॅसच्या मीटरला हातच लावला नाही. पुढचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि मला स्टुलावर चढवून दाखवलं. ब्लोअर म्हणजे आतला लांबट पंखा. त्याच्या पात्यापात्यांत कापसाची रुई आणि धूळ मिळून काळपट लगदा बसला होता. त्यानं जुन्या टूथब्रशनं एक पातं खरवडलं, तर बोटाएवढी वात निघून आली! देवापुढे लावतो ना, अगदी तशी. म्हणाला, "गॅस बंद नळीत फिरते वयनी, गयती असन तरच कमी होते. हवाच जाऊन नाही रायली तं थंडावा कुठून येईन?" सहाशे रुपयांत कॉइल, ब्लोअर, खालचा ट्रे, सगळं पाण्यानं धुऊन दिलं. त्या दिवसापासून माझा नियम आहे : कुणी गॅस म्हटलं की आधी ब्लोअर दाखवा, मग गळती कुठे आहे ते दाखवा. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

फिल्टर मी स्वतः धुते. आधी एमसीबी, म्हणजे एसीच्या लाइनचं भिंतीवरचं बटण, बंद. मग धूळ बसलेल्या बाजूनं नाही, तर उलट्या बाजूनं पाणी सोडते, म्हणजे रुई जशी आली तशी सुटते. समोरून सोडलं तर ती जाळीत आणखीच रुतते. वाळवायचं सावलीत. एकदा मे महिन्याच्या उन्हात ठेवला आणि त्याची चौकट वाकली, ती अजून नीट बसत नाही.

दुसरी अडचण जुलैत आली. मामाजींनी हाक मारली, "अवं माय, हे पाणी कायचं गयून रायलं?" भिंतीवरून ओघळ. उन्हाळ्यात आमची हवा इतकी कोरडी की एसीच्या नळीखालच्या बादलीचा दिवसभरात तळही भिजत नाही. पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिक करतो, खरा उपयोग एसीचाच, आणि तेव्हा बादली भरते. उन्हाळ्यात ट्रेमध्ये साचलेल्या धुळीचा या पाण्यात चिखल झाला आणि नळी तुंबली. शिवाय नळीचं टोक मी बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं, तेही चूक. टोक पाण्याच्या वर हवं आणि नळीला सगळीकडे उतार हवा. आता मृग लागायच्या आधी नळीत पाणी ओतून बघते.

बाहेरचं युनिट खळ्याच्या बाजूला आहे. जागा चुकली, पण आता हलवायचा खर्च मोठा. त्याच्या मागच्या पातळ पत्र्यांत कुटार गच्च बसतं. हरभरा निघाला की एमसीबी बंद करून मऊ ब्रशनं वरून खाली झाडते, आडवा घासला तर पत्रे वाकतात. मग हलक्या धारेनं पाणी. मोटारीचा फवारा अजिबात नको. आणि बोअरचं पाणी तर नकोच : ते इतकं खारं आहे की नळाच्या तोट्या खाऊन टाकतं, मग या नाजूक अॅल्युमिनियमचं काय होईल! शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं तेच वापरते.

यंदा कापूस घरात यायच्या आधी आतल्या युनिटला जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली आणि एमसीबीवर चिठ्ठी चिकटवली, 'आधी खोळ काढा'. बाहेरच्याला प्लास्टिक गुंडाळलं नाही, आत दमट राहतं आणि उंदीर घर करतात. पाइप भिंतीत शिरतो त्या भोकाला पुट्टी भरली, पाली तिथूनच येत होत्या. परवा खोळ झटकली तर अंगणात पांढरी रुई उडाली. ती सगळी गेल्या वर्षी ब्लोअरमध्ये गेली होती.