गिंप: लाल निवडला तरी ब्रश राखाडीच उमटत होता

आजोबांच्या जुन्या फोटोचा स्कॅन गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, फेट्याला लाल रंग द्यायचा होता, रंगाच्या चौकोनात चक्क लाल दिसतोय आणि ब्रश फिरवला की राखाडी! दोन संध्याकाळी गेल्या, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं तरी तेच. शेवटी वर टायटल बारकडे लक्ष गेलं, तिथे ग्रेस्केल (नुसत्या काळ्या-पांढऱ्या-राखाडी छटा) लिहिलेलं, म्हणजे फाइलमध्ये रंगाला जागाच नव्हती. इमेज मेनूत मोड, तिथे आरजीबी म्हणजे रंगीत मोड, झालं काम. गिफ फाइल असेल तर इंडेक्स्ड मोड असतो, त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, मग तुमचा रंग नसला की त्यातल्या त्यात जवळचा घेतो.

दुसरा त्रास रंगावरून सिलेक्ट करताना, शिफ्ट आणि ओ दाबून फेट्यावर क्लिक केलं की नुसते ठिपके ठिपके सिलेक्ट व्हायचे, कारण थ्रेशोल्ड, म्हणजे किती जवळपासच्या छटा धरायच्या तो आकडा, १५ वर होता. जेपेगमध्ये एकच रंग दिसला तरी आत बारीक छटा असतात ना. क्लिक करून माऊस न सोडता ओढलं की थ्रेशोल्ड तिथल्या तिथे वाढतो, हे मला फार आवडलं.

फुकट आहे आणि मनापासून सांगते, घरच्या फोटोंसाठी जरूर घ्या. फक्त सुरुवातीला मोड बघा.