ठिबकच्या फिरतीवर लॅपटॉपऐवजी टॅब: वर्षभर वापरल्यानंतर

मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे. पंढरपूर, माढा, माळशिरस, कधी बार्शीमार्गे धाराशिवपर्यंत फिरती असते. निम्मी एसटीने, निम्मी मोटारसायकलवर. गेल्या खरिपाआधी जुना लॅपटॉप थकला, तेव्हा नवा न घेता सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस९ एफई घेतला, ५जी वाला. आमच्या लाइनमधले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

वजनाचं आधी सांगून टाकतो. टॅब सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि फोनचाच टाइप-सी चार्जर चालतो. पाठीला आराम पडला. पण नुसत्या वजनासाठी घेऊ नका.

खरा फरक पडला तो बांधावर. पूर्वी शेतात मोजमाप घ्यायचं, वहीत आकृती काढायची, रात्री लॉजवर डिझाइन आणि कोटेशन करायचं, दोन दिवसांनी शेतकऱ्याला पाठवायचं. त्यातलं त्याला किती कळायचं, कोण जाणे. आता गटाचा सॅटेलाइट फोटो स्क्रीनवर असतो आणि त्याच्यासमोरच एस पेनने (टॅबच्या स्क्रीनवर लिहायच्या पेनने) रेघा ओढतो: विहीर इथं, मेन लाइन निळी, सबमेन (मेनपासून फुटणारे पाइप) लाल, उसाच्या पाच फुटी सरीवर लॅटरल (पिकाजवळच्या ठिबकच्या नळ्या) हिरव्या. माढ्याकडच्या एका काकांनी व्हॉल्व्हच्या खुणेवर बोट ठेवलं, "हितं नको साहेब, हितनं उसाचा ट्रॅक्टर वळतोय." व्हॉल्व्ह मागे घेतला, पाइपची लांबी बदलली, एकूण रक्कम त्यांनी स्वतः वाचली आणि पेनने सही केली. पीडीएफ बांधावरूनच त्यांच्या व्हॉट्सॲपवर गेली. शेतकरी आपल्या रानाचं डिझाइन स्वतः दुरुस्त करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे धरला असता तर त्याने हात मागेच घेतला असता.

एक लक्षात ठेवा: गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी त्यात सॅटेलाइट चित्र येत नाही. रेंज नसली की पंचाईत. मी आदल्या रात्रीच स्क्रीनशॉट काढतो आणि गट नंबर घालून, सातबाऱ्याच्या पीडीएफशेजारी सेव्ह करतो.

उन्हाचा त्रास आहे. एप्रिल-मेच्या दुपारी ब्राइटनेस पूर्ण ठेवला तरी डोळे बारीक करावे लागतात, आणि कुठलाही टॅब तापला की ब्राइटनेस आपोआप उतरतो. मॅट स्क्रीनगार्डने चकाकी बरीच गेली. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर पेनची निब मात्र लवकर झिजते, जादा निबा जवळ ठेवा. पेनला चार्जिंग लागत नाही. पावसाची धास्ती गेली, कारण टॅब आणि पेन दोन्ही आयपी६८ आहेत, म्हणजे धूळ-पाण्यात टिकण्याची चाचणी झालेले. तरी ती चाचणी गोड्या पाण्याची; फर्टिगेशनच्या (ठिबकमधून खत सोडायच्या) टाकीजवळ मी टॅब बॅगेतच ठेवतो.

आता जे होत नाही ते. एक्सेलचे मॅक्रो (शीटमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) टॅबवर चालत नाहीत. आमची एस्टिमेटची शीट मॅक्रोवरच होती, ती साध्या फॉर्म्युल्यांत नव्याने बांधावी लागली. शिवाय १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर एक्सेलमध्ये बदल करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. हा टॅब १०.९ इंची. मी गुगल शीट्सवर आलो. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, पूर्ण ऑटोकॅड, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली, यासाठी ऑफिसातला कॉम्प्युटर गाठावाच लागतो. ऑफिसच नसेल, सगळा धंदा एकाच मशीनवर असेल, तर टॅब पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

कीबोर्ड कव्हर घेतलंय. टेबलावर ठीक आहे. एसटीत मांडीवर ठेवलं की डुगडुगतं. लांब रिपोर्ट मी बोलून लिहितो, मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं. गावांची नावं तेवढी तपासायची.

घेणार असाल तर पैसे वाचवायला वायफायवाला घेऊ नका. हॉटस्पॉटने दुपारपर्यंत फोन उतरतो, आणि दिवसभर शेतकऱ्यांचे फोन त्याच्यावरच येतात. टॅबमध्ये फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम टाका. एकाची रेंज गेली तर बऱ्याचदा दुसऱ्याची मिळते आणि कोटेशन अडत नाही.