एक आणि शून्य वगळून: स्टॅकवर गणिताचे प्रश्न लिहिल्यानंतरचा अनुभव

स्टॅक म्हणजे विद्यार्थ्याने टाइप केलेलं गणिताचं उत्तर आपोआप तपासणारी प्रणाली. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांना वाटून दिलेल्या स्वस्त जागेवर, ते सहसा चालत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी वर्षभराचे पैसे भरून बसणार नाही. मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर, चालतं, त्यात स्टॅकचं प्लगइनही बसतं. पण मागे खरं गणित करतं ते मॅक्झिमा, आणि ते सर्व्हरवर वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवावं लागतं. शेअर्ड योजनेत त्याला सहसा परवानगी नसते. आमच्या कॉलेजने ज्याच्याकडून जागा घेतली होती त्याच्या जाहिरातीत ‘अमर्याद’ हा शब्द ठळक छापलेला होता. मॅक्झिमाचं विचारलं की एकच उत्तर यायचं, मोठी योजना घ्या. मोठी म्हणजे काय, तिच्यात हा प्रोग्रॅम चालेल का, ते लेखी द्या म्हटलं तर फोन उचलणं बंद. भरलेल्या पैशातला एक रुपया परत मिळाला नाही. शेवटी विभागाने लिनक्सचा एक छोटा आभासी सर्व्हर भाड्याने घेतला. त्याचं भाडं एका परीक्षेच्या झेरॉक्सच्या बिलाहून कमी आहे.

त्यावरही पहिल्या अंतर्गत चाचणीला सगळं अडकलं. बी.एस्सी. प्रथम वर्षाचा अख्खा वर्ग एकाच मिनिटाला ‘तपासा’ दाबतो, आणि प्रत्येक तपासणीला मॅक्झिमाची एक नवी प्रक्रिया सुरू होते. मेमरी संपली, पानं फिरत राहिली. सर्व्हरवाल्याचा सल्ला पुन्हा तोच, दुप्पट भाड्याची मशीन घ्या. त्याची गरज नव्हती. स्टॅकच्या सेटिंगमध्ये मॅक्झिमाची ‘ऑप्टिमाइज्ड’ प्रतिमा तयार करण्याची सोय आहे. तिच्यात स्टॅकच्या सगळ्या लायब्ररी आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे दर वेळी त्या नव्याने वाचाव्या लागत नाहीत. ती प्रतिमा केली, चाचणी दोन तुकड्यांत घेतली, आणि त्याच मशीनवर दोन सत्रं सुरळीत गेली. भाडं वाढवण्याआधी हे करून बघा. दुकानदार सांगणार नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. स्टॅकच्या आधी एआयएम नावाची अशीच एक प्रणाली होती, ती मेपल या गणिताच्या प्रोग्रॅमवर चालायची आणि मेपल विकत घ्यावं लागतं. ख्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ च्या सुमारास स्टॅक उभं केलं तेव्हा खाली मॅक्झिमा घेतलं. मॅक्झिमाचं मूळ एमआयटीतल्या १९६० च्या दशकातल्या मॅक्सिमा (Macsyma) या जुन्या प्रोग्रॅममध्ये. विल्यम शेल्टर यांनी मॅक्झिमा वर्षानुवर्षं सांभाळलं आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्याखाली खुलं करण्याची परवानगी मिळवली. शेल्टर २००१ मध्ये गेले. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात आज लेकरांची उत्तरं फुकट तपासली जातात ती त्यांच्या चिकाटीमुळे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आता माझी मुख्य तक्रार. टोपी.

घाताचं चिन्ह ^ याला आमची लेकरं टोपी म्हणतात. स्टॅकमध्ये उत्तर टाइप करून द्यायचं असतं, आणि आमच्याकडे टाइप करायचं म्हणजे मोबाइलवर. लॅबमधल्या संगणकांवर दोन-दोन जणांचा नंबर लागतो, घरी संगणक बहुतेकांकडे नाही. गुणाकाराची चांदणी (*) कीबोर्डवर आकड्यांच्या पहिल्याच पानावर मिळते. टोपी त्याच्याही मागच्या पानावर, रुपये-पौंडाच्या चिन्हांच्या गर्दीत. “मॅडम, टोपी सापडंना” हे वाक्य मी पहिल्या सत्रात रोज ऐकलं. ज्या मुलीला विकलन (डिफरन्शिएशन) तोंडपाठ आहे ती एक्सचा चौथा घात लिहिण्यासाठी तीन वेळा कीबोर्ड उलटापालटा करते, तेवढ्यात बोट घसरतं आणि वेळ जातो. गणिताच्या परीक्षेत बोटांची परीक्षा का घ्यायची? चांदणीसाठी तरी सोय आहे. ‘इन्सर्ट स्टार्स’ हा पर्याय लावला की २एक्स लिहिलेलं २ गुणिले एक्स असं धरलं जातं. टोपीला तशी पळवाट मला सापडली नाही. एक्स*एक्स*एक्स असं लिहिलं तरी उत्तर बरोबर धरलं जातं, म्हणून मी तेच शिकवलं, पण सातव्या घाताला ते कोण लिहील?

व्हॅलिडेशनची चौकट नसती तर मी इथेच सोडून दिलं असतं. विद्यार्थी टाइप करतो तसतसं खाली ‘तुमचं उत्तर असं समजलं’ म्हणून नीट छापील रूपात दिसतं. कंस राहिला, साइन एक्स हे कंसाशिवाय लिहिलं, तर तिथेच कळतं आणि गुण कापले जात नाहीत. टाइपिंगची चूक आणि गणिताची चूक वेगळी धरणं ही मोठी गोष्ट आहे. तरीही टोपीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तिच्यामुळे मी प्रश्नपत्रिकेची रचनाच बदलली. घाताचे प्रश्न लॅबमधल्या संगणकावर, मॅट्रिक्सचे मोबाइलवर. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, त्याच्या उत्तराला आयत्या चौकटी येतात, त्यांत फक्त आकडे भरायचे. मॅट्रिक्सचे प्रश्न मी पूर्वीपेक्षा जास्त विचारते याचं अर्ध कारण हेच आहे.

प्रश्न लिहिण्याबद्दल. रँड हे फंक्शन वापरून प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच प्रश्नात वेगळे आकडे देणं हे पहिल्याच दिवशी जमतं, त्यावर शब्द घालवत नाही. अवघड आहे ते कोणते आकडे येऊ द्यायचे नाहीत हे ठरवणं. (एएक्स + बी) चा पाचवा घात घ्या आणि विकलन विचारा. ए साठी १ आला तर? आतल्या कंसाचं विकलन साफ विसरलेला मुलगाही बरोबर उत्तर देतो. शेजारच्याला ए = ३ आला, त्याने तीच चूक केली, त्याचे गुण गेले. दोघांचं अज्ञान सारखं आणि गुण वेगळे. हा अन्याय आहे, आणि तो आकड्यांनी केलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझा नियम असा झाला: चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येईल असा प्रत्येक आकडा वगळायचा. २ हा सगळ्यात फसवा. दोन अधिक दोन, दोन गुणिले दोन, दोनचा वर्ग, तिन्ही चारच. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज एका वर्षाला सारखंच येतं, म्हणून मुदत दोन वर्षांच्या पुढे. ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करणं) विचारताना सिमेट्रिक मॅट्रिक्स, म्हणजे तसं करूनही न बदलणारी, येता कामा नये, नाहीतर प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढला तरी पूर्ण गुण. एबी गुणाकार विचारताना एबी आणि बीए एकच येत नाहीत ना, हे मॅक्झिमाकडूनच तपासून घेते. वर्गसमीकरणात दोन मुळं एकमेकांची उलट चिन्हं घेऊन आली की मधलं पद गायब होतं आणि प्रश्न एकदम सोपा होतो. स्टॅकमध्ये ‘रँड विथ प्रोहिब’ नावाचं फंक्शन आहे, त्याला कोणते आकडे नकोत ते सांगता येतं. माझ्या बहुतेक प्रश्नांत शून्य, एक आणि वजा एक त्या यादीत कायमचे आहेत.

दुसरी गोष्ट, प्रश्न उत्तरापासून मागे लिहायचा. समीकरण आधी बनवून मुळं काढत बसलं की वर्गमुळातले विचित्र आकडे येतात. मुळं आधी निवडा, कंस सोडवून समीकरण तयार करा. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स विचारायचा तर एक खालची त्रिकोणी आणि एक वरची त्रिकोणी मॅट्रिक्स घ्या, दोन्हींच्या कर्णावर १ ठेवा, बाकी जागी लहान पूर्णांक, आणि दोघींचा गुणाकार करा. डिटर्मिनंट १ येणारच, म्हणजे इन्व्हर्समध्ये एकही अपूर्णांक नाही. काटकोन त्रिकोणाला दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि वर्गांची बेरीज घेतली की तिन्ही बाजू पूर्णांकात. हे जुनंच गणित आहे, पण प्रश्न लिहिताना त्याची किंमत कळते.

शाब्दिक उदाहरणांत आकडा खरा वाटला पाहिजे. सोयाबीनचा भाव मी क्विंटलला चार हजार ते पाच हजार, पन्नासच्या पायरीने बदलते. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, त्यामुळे या पट्ट्यातला कुठलाही आकडा आमच्या लेकरांना ओळखीचा आहे. तिथे ३७ रुपये क्विंटल आला तर वर्ग प्रश्नातलं गणित सोडून भावावरच बोलत बसेल, आणि बोलावंच.

आता ज्या गोष्टीने मला जिंकलं ती. चुकलेल्या उत्तराला मिळणारं उत्तर. स्टॅकमध्ये त्याला पीआरटी (पोटेन्शियल रिस्पॉन्स ट्री) म्हणतात, एका तपासणीतून दुसरीकडे फाटे फुटत जाणारं झाड. पहिला फाटा: उत्तर बरोबर आहे का? नसेल तर दुसरा: त्याला ए ने गुणलं तर बरोबर येतं का? येत असेल तर आतल्या कंसाचं विकलन राहिलंय, तसं मराठीत लिहून येतं आणि अर्धे गुण मिळतात. संकलनासाठी (इंटिग्रेशन) ‘इंट’ नावाची वेगळी तपासणी आहे, ती स्थिरांक विसरला तर नेमकं तेच सांगते. रात्री साडेदहाला रेणापूरच्या रस्त्यावरच्या गावात बसलेल्या मुलाला त्याची चूक त्याच क्षणी कळते. वही तपासून मी हे सांगेपर्यंत आठवडा जायचा आणि तोवर त्याने तो धडा सोडलेला असायचा.

झाड लिहिताना एक ठिकाण जपा. अवयव पाडायला सांगितलं आणि तपासणी फक्त ‘अल्जइक्विव’ (बीजगणितात किंमत सारखी आहे का एवढंच बघणारी) ठेवली, तर प्रश्नातलीच पदावली पुन्हा टाइप केली तरी पूर्ण गुण मिळतात, कारण बीजगणिताच्या हिशोबाने दोन्ही एकच. लेकरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. अवयवांना ‘फॅकफॉर्म’, आंशिक अपूर्णांकांना ‘पार्टफ्रॅक’, अशा रूप तपासणाऱ्या चाचण्या आहेत, त्या लावा.

एका बाबतीत माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. सुरुवातीला मी स्टॅक घेतलं ते कॉपी थांबवायला. प्रत्येकाला वेगळे आकडे, मग व्हॉट्सअॅपवर उत्तरं फिरून उपयोग काय, असा विचार. लातूरच्या शिकवण्यांच्या वातावरणात उत्तरं तयार मिळण्याची सवय किती खोल आहे हे इथल्या शिक्षकाला सांगायला नको. उत्तरं फिरणं खरोखर थांबलं. पण त्यांच्या ग्रुपवर दुसरंच सुरू झालं. “तुझा ए काय आलाय? मग बाहेरचा घात आधी खाली घे, नंतर ए नं गुण,” अशा व्हॉइस नोट एका मुलीने पाठवलेल्या मला दुसरीने ऐकवल्या. आकडे वेगळे असल्यामुळे सांगण्यासारखी फक्त रीतच उरली होती. अशी मदत मी घरच्या सरावाच्या वेळी थांबवत नाही, उलट चाचणीच्या आदल्या दिवशी ग्रुप करून बसा असं सांगते. कॉपी थांबते म्हणून हे घ्या, असं आता मी कुणाला सांगणार नाही. लेकरं एकमेकांना रीत समजावतात म्हणून घ्या.

त्याच ओघात, हजारो रूपं बनवण्याचा मोहही गेला. आता मी प्रत्येक प्रश्नाची वीस-पंचवीस रूपंच ‘डिप्लॉय’ करते, म्हणजे आधी निवडून ठेवते. क्वेश्चन नोट या शिक्षकासाठीच्या टिपेत आकडे आणि उत्तर दोन्ही लिहिते, त्यामुळे दोन रूपं एकच असतील तर लगेच दिसतं, आणि सगळी रूपं एका नजरेत वाचून एखादं जास्त सोपं किंवा जास्त किचकट असेल तर काढून टाकता येतं. गुणांच्या परीक्षेत न वाचलेलं रूप कुणाच्याही वाट्याला जाऊ नये.

स्टॅकमधले सर्वांत सुंदर प्रश्न मात्र रँडशिवायचे आहेत. ‘एकही शून्य नसलेली, पण डिटर्मिनंट शून्य असलेली दोन बाय दोनची मॅट्रिक्स लिहा.’ बरोबर उत्तरं अगणित, तपासणी माझ्या उत्तराशी जुळवून नाही तर गुणधर्म बघून होते. विकल समीकरणाचंही तसंच, विद्यार्थ्याचं उत्तर समीकरणात घालून शून्य येतं का ते बघायचं. माझ्या उत्तरापेक्षा वेगळं दिसणारं पण बरोबर असलेलं उत्तर कापलं जात नाही. कागदावर थकलेल्या हाताकडून ते अनेकदा कापलं जातं.

ज्यांना सर्व्हरचा व्याप नको त्यांनी न्यूकॅसल विद्यापीठाची नंबास ही अशीच प्रणाली बघा. तेही फुकट आहे आणि सगळी आकडेमोड विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्येच होते, म्हणून पान एकदा उघडलं की टॉवर गेला तरी सराव चालू राहतो. पण त्याचमुळे जाणकार मुलाला उत्तर आतून शोधता येतं. सरावाला नंबास, गुणांना स्टॅक, अशी माझी वाटणी आहे. केनियातल्या मसेनो विद्यापीठाने मोठ्या वर्गांसाठी स्टॅक वापरलं आहे, त्यामुळे हे श्रीमंत विद्यापीठांचं काम आहे असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

नांदेड विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले विकलन, संकलन आणि मॅट्रिक्सचे माझे प्रश्न मूडल एक्सएमएल फाइलमध्ये आहेत, विषय शिकवणाऱ्या कुणालाही देईन. फाइल चढवल्यावर प्रत्येक प्रश्नासोबत ठेवलेल्या चाचण्या आपल्या सर्व्हरवर एकदा सगळ्या रूपांवर चालवा. मॅक्झिमाची आवृत्ती वेगळी असली की एखादी पदावली वेगळ्या क्रमाने किंवा वेगळ्या रूपात येऊ शकते, आणि तिथे रूप तपासणारी चाचणी फसते. चाचणीत चुकून लाल दिसेल तो प्रश्न दुरुस्त होईपर्यंत वर्गाला देऊ नका.