साडेसातशेचा स्कॅनर, आठ महिने आणि दोन नंबरचा सिलिंडर

आमची गाडी २०१४ची. पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल. दिवाळीच्या सुट्टीत पार्किंगमध्ये बसून मी स्वतःच चारही प्लग बदलले, जोडीला थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ केली. मजुरी वाचल्याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी साताऱ्याजवळच्या कास पठाराला निघालो. फुलं केव्हाच संपली होती, पण तलावावर तरी जाऊन येऊ म्हटलं. यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली तर गाडी गचके खायला लागली. "अहो, ट्रॅक्टरसारखी का वाजतेय ही?" असं शेजारून विचारून होईपर्यंत चेक लाइट लुकलुकायला लागला. नुसता पेटून राहिला तर घरी जाऊन बघता येतं. लुकलुकला तर पाय काढायचा, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून कामातून जातो. तिथूनच गाडी वळवली, उतार हळूहळू उतरलो आणि त्याच रात्री हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा डबा, मागवला.

आपल्याकडे २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात हा काडेपेटीएवढा डबा बसतो. माझ्या अँड्रॉइडला मिनिटभरात जोडला गेला. बायकोच्या आयफोनला काही केल्या जुळेना, आयफोनसाठी वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला (ब्लूटूथचाच नवा प्रकार) घ्यावा लागतो.

पहिल्याच स्कॅनला कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग (मिसफायर), तिथलं पेट्रोल मध्येच जळत नाही. इथे मी पहिला गाढवपणा केला. उत्साहात कोड पुसून टाकला. कोडबरोबर फ्रीज फ्रेमही गेली, म्हणजे मिसिंग झालं त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, हे सगळं. आता मी पुसण्याआधी स्क्रीनशॉट घेतो.

दुसरा गाढवपणा महागात पडला. दोन नंबर म्हणतोय ना, मग कॉइलच गेली असणार, असं ठरवून दोन हजारांच्या आसपासची नवी कॉइल आणून बसवली. दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या चढाला पुन्हा तेच, पुन्हा पी०३०२. खरं तर पैसे खर्च करायच्या आधी दोनची जुनी कॉइल चारवर आणि चारची दोनवर लावून बघायला हवी होती. कोड पी०३०४ झाला तर दोष कॉइलचा, दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. दहा मिनिटांचं, फुकटातलं काम.

शेवटी पोवई नाक्याकडच्या ओळखीच्या मिस्त्रींना कोडचे फोटो दाखवले. त्यांनी स्कॅनरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "प्लग बसवताना भुईवर पडला व्हता का एखादा?" एवढंच विचारलं. पडला होता! पुसून तसाच बसवला होता. घरी येऊन दोनचा प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. नखाने खरवडली, जाईना. ठिणगी टोकावर न पडता या तड्यातून बाहेरून सरळ प्लगच्या लोखंडी बॉडीला जात होती. कमी लोडवर चालून जायचं, चढाला सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला बाहेरची वाट सोपी. कॉइलच्या रबरी बुटात डोकावलो तर तिथेही तशीच रेघ उमटायला लागलेली, म्हणजे नवी कॉइलही मी नासवायला घेतली होती. दोनला नवा प्लग टाकला, ठिणगीची गॅप फीलर गेजने मोजून, आणि जुनी कॉइल घातली नाही. नव्या कॉइलचा बूट तेवढा बदलला.

गचके गेले, पण आयडलिंगला हलकी थरथर राहिली. आठवड्याने पी०१७१ आला, मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरचे पैसे खऱ्या अर्थाने इथे वसूल झाले. आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा) अधिक २२ टक्के, अडीच हजार आरपीएमला अधिक ५. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, तेव्हा कुठून तरी चोरून येणारी हवा एकूण हवेचा मोठा वाटा होते. रेस दिली की ती नगण्य. म्हणजे गळती थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला. पाहतो तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढणारा) पाइप नळीवर अर्धाच चढवलेला, क्लिप मागेच. तो बसवल्यावर दोन दिवसांत ट्रिम ३-४ वर आला. मात्र हा हिशोब आमच्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे म्हणून जुळला. नुसत्या एमएपीवर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) चालणाऱ्या गाडीत अशा गळतीने बरेचदा आयडल वाढतं, ट्रिम फारसा हलत नाही. आणि मिसिंग चालू असताना ट्रिम बघून निष्कर्ष काढू नका: न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो लीनच सांगतो.

आता तक्रारी. डबा कायम लावून ठेवला तर गुडघा आपटतो, आणि दोन आठवडे गाडी उभी राहिली तेव्हा बॅटरी उतरली. शेंद्रेच्या पुढे महामार्गावर दोनदा मध्येच ब्लूटूथ तुटलं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड याला वाचताच येत नाहीत. आकडेही सेकंदाला मोजकेच येतात, त्यामुळे क्षणभराचा झटका ग्राफवर दिसत नाही. अ‍ॅपमधला मोड सहा मात्र आमच्या गाडीत चालतो. प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी दिसते, कोड येण्याच्या आधीच.

परवा पावसात यवतेश्वर चढताना मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. वर पोचून मोजणी उघडली: एक शून्य, दोन शून्य, तीन शून्य, चारला दोन. चारचा प्लग या रविवारी काढून बघणार आहे, यावेळी खाली गोधडी अंथरून.