बूट्सी कॉलिन्सचा 'रबर बँड': समेवर ठाण मांडून बसलेला बेस

बेस गिटार, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजत आहे हे बहुतेक श्रोत्यांना तो थांबल्यावरच कळते. १९७६ साली वॉर्नर ब्रदर्सने काढलेल्या 'स्ट्रेचिन आउट इन बूट्सीज रबर बँड' या अल्बममध्ये मात्र हे वाद्य पहिल्याच गाण्यात पुढे येते आणि शेवटपर्यंत मागे हटत नाही. अमेरिकन बेसवादक आणि गायक बूट्सी कॉलिन्सच्या स्वतंत्र कारकिर्दीचा आरंभ या अल्बमने झाला आणि माझ्या मते त्याचे सर्वांत टिकाऊ काम आजही हेच आहे. मी या अल्बमची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, ऑनलाइन मागवली. फंक हा बेस आणि तालावर उभा असलेला अमेरिकन कृष्णवर्णीयांचा संगीतप्रकार नागपुरात फारसा ऐकला जात नाही, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक वाटते.

बूट्सीचा जन्म १९५१ चा, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातला. थोरला भाऊ फेल्प्स, ज्याला सगळे कॅटफिश म्हणत, गिटार वाजवी. १९७० च्या मार्चमध्ये फंकचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या जेम्स ब्राउन या गायकाच्या वादकांनी मानधनावरून काम थांबवले, तेव्हा ब्राउनने या भावांच्या गावठी बँडला तातडीने विमानाने बोलावून घेतले. ब्राउनच्या 'सेक्स मशीन' या गाण्यातला बेस अवघ्या अठरा वर्षांच्या बूट्सीचा आहे. ब्राउनकडे तो जेमतेम वर्षभर टिकला. पण पहिल्या मात्रेवर ठाम उभे राहण्याची शिस्त तेथून घेऊनच तो जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिक या बँडमध्ये दाखल झाला.

ही पहिली मात्रा आपल्याकडच्या श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात गायक लांब तान घेऊन समेवर येतो, तेव्हा प्रत्येक रांगेतल्या माना एकदम हलतात. फंकमधला श्रोता तोच आनंद फार कमी अंतराने घेत असतो. तीनतालात समेसाठी सोळा मात्रा थांबावे लागते, तर येथे ती दर चार मात्रांनी येते, आणि दोन समांमधली जागा कशी भरायची, किंवा कितपत रिकामी ठेवायची, यावर वादकाचा कस लागतो. बूट्सी समेवर जड, निःसंदिग्ध स्वर ठेवतो आणि मग उरलेल्या मात्रांत वाटेल तितका भटकतो. त्याच्या वादनातील खोडकरपणा सगळ्यांच्या लक्षात येतो, परंतु तो खपून जातो तो या शिस्तीमुळे.

साडेसहा मिनिटांहून लांब असलेले शीर्षकगीत याचा उत्तम नमुना आहे. बेसचा आवाज म्यूट्रॉन नावाच्या उपकरणातून जातो. तार जितकी जोरात छेडावी तितका त्यातला फिल्टर, म्हणजे स्वराची चाळणी, अधिक उघडतो आणि स्वर तोंड उघडून बोलल्यासारखा रुंदावतो. याचा अर्थ असा की बोटाचा दाब हाच येथे उच्चार ठरतो, आणि म्हणूनच केवळ ते यंत्र विकत घेऊन कुणाला बूट्सी होता आलेले नाही. जेम्स ब्राउनकडूनच आलेले मेसिओ पार्कर आणि फ्रेड वेस्ली यांची फुंकवाद्ये नेमक्या जागी शिरतात आणि लगेच बाजूला होतात.

दुसऱ्या गाण्याविषयी माझी तक्रार आहे. बडबड, लाडिक आवाज आणि मागचा गलका यांचे प्रमाण इतके वाढते की वादन झाकोळते. ताऱ्याच्या आकाराचे चष्मे आणि तशीच गिटार घेऊन मंचावर येणाऱ्या माणसाला हे शोभतही असेल, पण घरी बसून ऐकणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा सहन होत नाही.

दुसऱ्या बाजूवरील 'आय'ड रादर बी विथ यू' या एका गाण्यासाठी मात्र सगळे माफ करावे. जेमतेम पाच मिनिटांची ही संथ विनवणी आहे. फंक म्हणजे नाचाचे संगीत अशी समजूत असणाऱ्यांनी ती आधी ऐकावी, कारण लय उतरल्यावरही समेचे वजन कसे टिकते हे येथे स्पष्ट ऐकू येते. पुढच्या पिढ्यांनी याच गाण्याकडे वारंवार धाव घेतली, हा मला योगायोग वाटत नाही. २००३ साली गायिका बियॉन्सेने 'बी विथ यू'मध्ये त्याचाच आधार घेतला. १९९० मध्ये डी-लाइट या बँडच्या 'ग्रूव्ह इज इन द हार्ट'मध्ये बूट्सी स्वतः सहभागी होता, आणि २०२१ मध्ये गायक ब्रूनो मार्स व अँडरसन पॅक यांच्या 'सिल्क सॉनिक' या जोडीला नाव देऊन त्यांच्या अल्बमचा निवेदकही तोच झाला. प्रकृतीमुळे मंचावरचे वादन त्याने सोडले आहे. तरीही तरुण संगीतकार फंकचा दाखला हवा असला की त्याच्याचकडे जातात.

एलपी घ्यावी का, याचे उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे. मोबाइलच्या स्पीकरवर या अल्बमचा अर्धा भाग अक्षरशः ऐकू येत नाही. आपल्याकडे तर एप्रिल ते जून अखंड फिरणाऱ्या कूलरची घरघर नेमकी खालच्या स्वरांवरच बसते, म्हणून उन्हाळ्यात कान झाकणारे हेडफोन वापरणे शहाणपणाचे. रेकॉर्ड मे महिन्यात मागवू नये. पंचेचाळीस अंशांत कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेली तबकडी वाकते आणि नंतर ती सरळ होत नाही. घरीही ती खिडकीपासून दूर, उभीच ठेवावी. केवळ ओळख करून घ्यायची असेल तर स्ट्रीमिंगवर ऐकणे पुरेसे आहे.

हा अल्बम आवडल्यास १९७७ चा 'आह... द नेम इज बूट्सी, बेबी!' लगेच घ्यावा. तो अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता आणि वादनाच्या सफाईत पहिल्यापेक्षा सरस आहे. १९७८ च्या 'बूट्सी? प्लेयर ऑफ द इयर'मध्ये 'बूटझिला' हे गाजलेले गाणे आहे, पण तेथे विदूषकी थाट पुन्हा वरचढ होतो. त्यापुढचे अल्बम विकत घेण्यापूर्वी ऐकून पाहावेत.